वर्धेवर ओढलेली रेघ : १८०३ चं युद्ध आणि वऱ्हाड

१८५१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं राणी व्हिक्टोरियाच्या संमतीनं एक चांदीचं पदक काढलं. हिंदुस्थानातल्या जुन्या लढायांमध्ये लढलेले जे सैनिक तोवर हयात होते, त्यांच्यासाठी ते होतं. पदकाच्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी बसवलेली असे. त्या पट्ट्यांवरची दोन नावं वऱ्हाडातली आहेत, 'अरगाम' आणि 'गाविलघुर'. म्हणजे अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातलं अडगाव आणि आपल्या चिखलदऱ्याचा गाविलगड. ज्या तहांनी १८०३ चं हे इंग्रज-मराठा युद्ध आटोपलं तेही इथेच झाले. १७ डिसेंबर १८०३ चा नागपूरकर भोसल्यांशी देवगावला आणि ३० डिसेंबरचा शिंद्यांशी अंजनगाव सुर्जीला.

अडगाव, गाविलगड, देवगाव, अंजनगाव. चारही ठिकाणं दोन जिल्ह्यांत, आणि सगळ्या घटना २९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर या एका महिन्यातल्या. अमरावती जिल्ह्यातल्या शाळकरी पोराला पानिपत तारखेसकट पाठ असतं. अडगाव कुठं आणि तिथं काय झालं, हे मास्तरांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. या युद्धावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं, मराठीतही पुण्या-ग्वाल्हेरच्या बाजूनं लिहिलं गेलं. पण त्याचा सगळ्यात लांबवर पोचलेला परिणाम ज्या मुलखावर झाला, त्या वऱ्हाडाच्या बाजूनं पाहणं फारसं झालेलं नाही. आम्हा मोर्शीकरांच्या तर उशालाच तो परिणाम वाहतो आहे. देवगावच्या तहानं वर्धा नदी ही सरहद्द ठरवली आणि अलीकडचा आणि पलीकडचा मुलूख दीडशे वर्षं वेगवेगळ्या वाटांनी गेला.

आधी कारणं. १८०० च्या मार्चमध्ये नाना फडणवीस वारले आणि पुण्याच्या दरबाराला सावरणारा माणूस उरला नाही. दौलतराव शिंदे विशीतले. महादजींचं कवायती सैन्य त्यांच्या हाती आलं होतं, पण महादजींच्या विधवांशी चाललेलं घरचं भांडण आणि सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यात केलेली लूटमार यांत त्यांची पत आणि पैसा दोन्ही गेले. यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा मोड केला. दुसरे बाजीराव वसईला पळाले, आणि तिथं ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला. कंपनीची तैनाती फौज पुण्याला, तिच्या खर्चासाठी मुलूख कंपनीला, आणि परराज्याशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून. मराठ्यांचा धनी स्वतःच्या हातानं दुसऱ्याचा मांडलिक झाला होता.

शिंदे आणि भोसले यांना हा तह मान्य होणं शक्यच नव्हतं. तो मान्य केला तर त्यांचे आपसातले आणि पेशव्यांशी असलेले सगळे संबंध कंपनीच्या हातात जात होते. रघुजी भोसल्यांचं आणखी एक दुखणं होतं. वऱ्हाडात त्यांचा आणि निजामाचा दुहेरी अंमल होता. एकाच गावचा वसूल दोघांचे कमाविसदार वाटून घेत. निजाम १७९८ पासून इंग्रजांच्या तैनातीत गेलेला. आता पेशवेही गेले म्हणजे वऱ्हाडातल्या प्रत्येक तंट्यात कंपनी निजामाच्या पाठीशी उभी राहणार, हे रघुजींना स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या बाजूला कलकत्त्याला गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली. टिपू १७९९ मध्ये संपला होता, आणि आता त्यांच्या मनात फ्रेंचांची धास्ती घर करून होती. १८०३ च्या मे महिन्यात युरोपात इंग्लंड आणि नेपोलियनचा फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटलं. शिंद्यांच्या उत्तरेकडच्या पलटणी पेराँ या फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली, दिल्लीचा बादशहाही त्यांच्याच ताब्यात. फ्रेंच खरोखर हिंदुस्थानात उतरतील अशी शक्यता तेव्हा फार नव्हती. माझ्या मते ती धास्ती जितकी खरी होती तितकीच सोयीचीही होती. मात्र देवगावच्या तहात तिचा शिक्का उमटलेला आहे. इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय किंवा अमेरिकन सत्तेचा माणूस भोसल्यांनी चाकरीत ठेवू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. वऱ्हाडातल्या एका छावणीत झालेल्या करारात अमेरिकेचं नाव यावं, इतका या युद्धाचा पसारा होता.

कर्नल कॉलिन्स हा कंपनीचा वकील शिंद्यांच्या छावणीतून ३ ऑगस्ट १८०३ ला निघाला आणि युद्ध ठरलं. १२ ऑगस्टला आर्थर वेलस्लीनं अहमदनगरचा किल्ला घेतला. हा गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, वय ३४, पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. उत्तरेत जनरल लेकनं ४ सप्टेंबरला अलीगड, ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई आणि १ नोव्हेंबरला लासवारी अशी एकेक बाजू मोडून काढली. पेराँ सप्टेंबरातच इंग्रजांच्या स्वाधीन झाला. दक्षिणेत २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. साडेचार हजार कवायती फौजेनिशी वेलस्ली कैलना नदी उतरून शिंद्यांच्या तोफांवर चालून गेला. त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले-जखमी झाले, आणि शिंद्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. रघुजी भोसले आपले स्वार घेऊन त्या मैदानातून लवकर बाहेर पडले. हे फार महाग पडलं, कारण त्या दिवशी वेलस्लीकडे राखीव फौज जवळजवळ नव्हतीच.

असईबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अडगावाबद्दल दोन ओळींत आटोपतात. खरं तर हे युद्ध कसं चाललं होतं ते अडगावलाच नीट कळतं. असईनंतर कर्नल स्टीव्हन्सननं हैदराबादची तैनाती फौज घेऊन ऑक्टोबरात बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले. शिंद्यांनी २३ नोव्हेंबरला तहकुबीचा करार केला. भोसले त्यात नव्हते. करारात शिंद्यांच्या फौजेनं एलिचपूरच्या (आजच्या अचलपूरच्या) पूर्वेला जाऊन राहावं अशी अट होती. ती पाळली गेली नाही आणि त्यांचे स्वार भोसल्यांच्या फौजेबरोबरच राहिले. २९ नोव्हेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजा एकत्र आल्या. दिवसभराची चाल झालेली, ऊन तापलेलं, मुक्कामाची तयारी चाललेली. वेलस्लीनं एका गावच्या बुरुजावर चढून पाहिलं तर अडगावपुढे लांबवर पसरून मराठ्यांची फौज लढाईला उभी. भोसल्यांच्या बाजूनं सेनापती होते रघुजींचे भाऊ व्यंकोजी, ज्यांना मन्याबापू म्हणत. दिवस कलत होता. वेलस्लीनं त्याच दिवशी लढायचं ठरवलं.

पुढे सरताना भोसल्यांच्या तोफा कडाडल्या आणि असईला जिवावर उदार होऊन लढलेल्या कंपनीच्या तीन हिंदी पलटणी मागे फिरल्या. वेलस्ली जवळच होता. त्यानं त्यांना थोपवलं, पुन्हा रांगेत उभं केलं आणि स्वतः पुढे नेलं. तो क्षण चुकला असता तर अडगावचा निकाल काय लागला असता सांगता येत नाही. भोसल्यांच्या अरब पायदळानं स्कॉच पलटणींवर शस्त्र उपसून हल्ला केला आणि ते बहुतेक तिथेच कापले गेले. मग मराठ्यांची रांग मोडली. चांदणं होतं, इंग्रजांच्या घोडदळानं रात्री बऱ्याच उशिरापर्यंत पाठलाग केला. कंपनीकडचे साडेतीनशेच्या आसपास मेले-जखमी, आणि मराठ्यांच्या ३८ तोफा गेल्या. नोव्हेंबरच्या शेवटी या पट्ट्यात ज्वारी कापणीला येते. पन्नास हजार माणसं आणि त्याहून जास्त जनावरं ज्या रानातून गेली, त्या रानात त्या साली खळं झालं असेल असं मानणं कठीण आहे.

जनावरांचं इथं थांबून बोललं पाहिजे. हे युद्ध बैलांनी जिंकलं असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही. म्हैसूरच्या सरकारी खिल्लारातले बैल वेलस्लीच्या तोफा ओढत, आणि बंजाऱ्यांचे तांडे पाठीवर धान्य घालून त्याच्या फौजेमागून चालत. बंजाऱ्यांना रोख दाम आणि वाटेत संरक्षण मिळेल हे तो कटाक्षानं पाहत असे. शिंदे-भोसल्यांच्या पलटणींचा पगार मात्र थकलेला. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये या मोहिमांवर जे पुस्तक लिहिलं, त्याचा मुख्य मुद्दा हाच आहे. मराठ्यांच्या तोफा आणि गोलंदाज इंग्रजांपेक्षा कमी नव्हते. कमी पडला तो पैसा आणि हुकुमाची एकवाक्यता. शिंद्यांच्या चाकरीतले इंग्रज अधिकारी कंपनीच्या एका जाहीरनाम्यानं सोडून गेले, आणि ऐन लढाईच्या वेळी पलटणींना नायक राहिले नाहीत. जुन्या इंग्रजी ग्रंथांतल्या 'शिस्त विरुद्ध झुंड' या कथेपेक्षा मला हे पटतं. मात्र यशवंतराव होळकरांचा तटस्थपणा कूपर यांच्या हिशेबात जेवढा यायला हवा तेवढा येत नाही. ते बाजूला राहिले आणि पुढच्या वर्षी एकटे लढले. १८०४ मध्ये त्यांनी कर्नल मॉन्सनची जी दाणादाण उडवली, ती पाहिली म्हणजे तिघं एकत्र असते तर काय झालं असतं याचा अंदाज येतो. मराठ्यांच्या घोडदळातली फूट तर अशी की पेशव्यांचे सरदार बापू गोखले या मोहिमेत वेलस्लीच्या बाजूनं होते. पुढे १८१८ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या अष्टीला ते इंग्रजांशीच लढता लढता पडले.

अडगावहून फौजा एलिचपूरला आल्या. तिथं जखमींसाठी दवाखाना मांडला आणि लगेच गाविलगड हाती घेतला. गडाची दक्षिण बाजू मैदानाकडे तुटलेली. तिथून वर जाणं अशक्य. उत्तरेला मात्र लबाडा गावाच्या बाजूनं एका चिंचोळ्या पट्टीवरून गड डोंगराला जोडलेला आहे. स्टीव्हन्सननं ७ डिसेंबरला निघून तोफा डोंगराआडून, दऱ्या भरत आणि रस्ता करत तिथवर नेल्या. मेळघाटातला तो चढ आजही पायी चढायला छाती भरून येते. तिथं माणसांनी आणि बैलांनी अवजड तोफा नेल्या. १३ ला भडिमार सुरू झाला, १५ ला सकाळी तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला तरी आतल्या कोटाला खिंडार नव्हतं. ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलनं दरी ओलांडून शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग राजपूत लढताना मारला गेला. त्या दिवशी हल्लेखोरांबरोबर चोवीस वर्षांचा एक मुलकी अधिकारीही वर चढला होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. महिन्याभरात तो नागपूरला भोसल्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट म्हणून बसला, कारण रेसिडेंट ठेवायचं देवगावच्या तहातच ठरलं होतं.

गड पडल्यावर दोन दिवसांत भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांनी देवगावला सही केली. कटक आणि बालेश्वर कंपनीला गेलं. बंगाल आणि मद्रास किनाऱ्यानं जोडले गेले. इंग्रजी पुस्तकं याच कलमाला महत्त्व देतात आणि त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं कलम वेगळं आहे. निजामाबरोबर वाटून घेतलेला सगळा वसूल आणि वर्धेच्या पश्चिमेचा सगळा मुलूख भोसल्यांनी सोडला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले आणि त्यांच्या दक्षिणेला लागून चार लाखांचे परगणे तेवढे त्यांना ठेवले गेले. तेही १८१७-१८ च्या युद्धात अप्पासाहेब भोसल्यांचा मोड झाल्यावर गेले, आणि १८२२ पर्यंत वर्धेच्या अलीकडे भोसल्यांचं काही राहिलं नाही. सोडलेला मुलूख कंपनीनं २८ एप्रिल १८०४ च्या वाटणीच्या तहानं निजामाला दिला. निजाम अली युद्ध सुरू होतानाच, ६ ऑगस्ट १८०३ ला वारले होते. वऱ्हाड मिळालं त्यांच्या मुलाला, सिकंदरजाहला.

त्याच हंगामात, १८०३-०४ मध्ये, दख्खनेसह वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला. पाऊस गेला हे एक कारण. होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या आणि दोन मोठ्या फौजांची वाटचाल हे दुसरं. युद्धानं घोड्यावरून उतरवलेले हजारो स्वार पुढे पेंढारी झाले आणि १८१७ पर्यंत वऱ्हाडची गावं त्यांच्या वाटेवर राहिली. आपल्या गावागावांतल्या गढ्यांकडे मी त्या काळाच्या खुणा म्हणूनच पाहतो. मातीच्या भिंती दहा-दहा हात जाड, बुरुजांना जंग्या, आत विहीर. पाटील-देशमुखांचा दिमाख त्यात होता, पण रात्री सगळं गाव जनावरांसकट आत येऊन बसावं अशी ती बांधणी आहे.

निजामाचा अंमल म्हणजे मक्त्याचा अंमल. राजा चंदुलाल यांच्या कारभारात वऱ्हाडचा वसूल सावकारांना आणि मक्तेदारांना लिहून दिला जाई. विल्यम पामरच्या हैदराबादच्या पेढीचा पैसा त्यात गुंतलेला होता. या पैशातून पोसली जात होती हैदराबादची कंटिंजंट फौज, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची. तिचा पगार थकत गेला, कर्ज वाढत गेलं, आणि २१ मे १८५३ ला लॉर्ड डलहौसीच्या काळात निजामाला त्या कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या कारभारात द्यावं लागलं. १८०४ ला कंपनीनं जो मुलूख निजामाला दिला, तो पन्नास वर्षांनी त्याच कंपनीच्या फौजेच्या खर्चापायी परत घेतला. मला हा सगळा व्यवहार अन्यायाचा वाटतो, आणि त्याची किंमत निजामापेक्षा वऱ्हाडच्या कास्तकारानं जास्त मोजली. पन्नास वर्षं त्याच्या शेतीत कुणी पैसा घातला नाही, काढला मात्र सगळ्यांनी.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. वर्धेच्या दोन्ही तीरांवर आता इंग्रजच होते, तरी रेघ पुसली गेली नाही. नागपूर हा खालसा प्रांत. वऱ्हाड मात्र निजामाच्या मालकीचं, इंग्रजांनी चालवायला घेतलेलं. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे वऱ्हाडला आपोआप लागू होत नसत, वेगळ्या हुकुमानं लावावे लागत. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं दरसाल २५ लाखांच्या खंडावर कायमचा पट्टा करून घेतला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं. नाव मात्र 'मध्यप्रांत आणि वऱ्हाड' असं जोडीनंच राहिलं. १९३६ मध्ये निजामाची मालकी पुन्हा एकदा मान्य करून त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब दिला गेला. अमरावतीच्या माणसाला ज्याच्या राज्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं, तो कागदोपत्री त्याचा राजा होता.

या सगळ्यात सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्यापर्यंत पोचलेला फरक जमिनीचा आहे. १८६० च्या दशकात वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली आणि रयतवारी आली. मोर्शी-वरूडचा कास्तकार आपल्या सर्व्हे नंबरचा खातेदार झाला. जमीन तो विकू शकत होता, गहाण टाकू शकत होता. नदीपलीकडे, आष्टी-आर्वीला, नागपूर प्रांताची मालगुजारी आली. गावचा मालगुजार हा मालक ठरला आणि कसणारे बहुतेक त्याची कुळं. याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. वऱ्हाडच्या खातेदाराला त्या भावाचा फायदा थेट मिळाला, आणि भाव उतरल्यावर गहाणखतांवरून जमीन सावकाराच्या घरात जाण्याची वाटही त्याच हक्कानं मोकळी झाली. रयतवारी म्हणजे स्वर्ग होता असं कुणी समजू नये. पण स्वतःच्या नावाचा सातबारा आणि मालगुजाराची मेहेरबानी यांत अंतर आहे, आणि वऱ्हाडी कास्तकाराच्या स्वभावातला करारीपणा काही अंशी त्या अंतरातून आला असं मला वाटतं. विदर्भ एकच म्हणून बोलताना पुढाऱ्यांनी आणि नियोजनकारांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा होता. तो पुरेसा घेतला गेला नाही.

वऱ्हाडच्या बाजूनं हा इतिहास मांडायचा पाया यादव माधव काळे यांनी घातला. त्यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ चा आणि 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ चा. दोन्ही तीरांचा इतिहास दोन पुस्तकांत लिहावा लागला, यातच सगळं आलं. त्याआधी आल्फ्रेड लायलच्या १८७० च्या गॅझेटियरमध्ये वऱ्हाडची राजकीय कहाणी आहे, पण ती इंग्रजी राज्य हाच सुखाचा शेवट मानून लिहिलेली. आता गरज आहे ती गाव-परगण्याच्या पातळीवरच्या कामाची. देशमुख-देशपांड्यांच्या घरची जुनी दप्तरं, गढ्यांच्या मोजण्या, अडगाव-देवगावच्या शिवाराची पाहणी. अमरावती विद्यापीठाच्या एखाद्या विद्यार्थ्यानं देवगावच्या तहातली कलमं आणि त्या साली प्रत्यक्ष कोणकोणत्या गावांचा अंमल बदलला, एवढं एकच काम हाती घेतलं तरी पाच वर्षं पुरेल.

मालगुजारी १९५१ मध्ये गेली. मध्य प्रदेशच्या १९५४ च्या महसूल संहितेनं वऱ्हाड आणि जुना नागपूर प्रांत यांना पहिल्यांदा एकच जमीन-कायदा दिला आणि तो १९५५ च्या ऑक्टोबरात अमलात आला. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, विदर्भाचे आठही जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले.